मेश्रामकाकूंच्या बरण्या

मेश्रामकाकूंची आणि माझी पहिली भेट चांगली तासभर चालली, आणि तेवढ्या वेळात त्या माझ्याशी एक अक्षरही बोलल्या नाहीत.

आम्ही पुण्याहून गुरुग्रामला नुकतेच आलो होतो. उंच टॉवर, चकचकीत लिफ्ट, आणि लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघता मोबाइलमध्ये बघणारी माणसं. अशात आमच्याच मजल्यावर, जिन्याच्या पलीकडच्या दारावर, देवनागरीत ‘मेश्राम’ अशी पाटी दिसली. मराठी माणूस दिसल्यावर परमुलखात जे होतं तेच मला झालं. घरातला पसारा तसाच टाकून मी जाऊन बेल वाजवली.

दार उघडलं ते एका ठेंगण्या, चष्मा लावलेल्या बाईंनी. सुती साडीचा पदर खोचलेला, एका हातात जाड कापडी हातमोजा. “नमस्कार, मी समोरच्या...” एवढंच मी म्हटलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आत यायची खूण केली, सोफा दाखवला आणि झपझप स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी अवघडून बसले. घरात कोणी आजारी आहे का, की झोपलंय, काही कळेना.

थोड्या वेळानं आतून एक उंच, सडपातळ गृहस्थ चहाचा कप घेऊन आले आणि कुजबुजल्यासारखं म्हणाले, “घ्या. आज वाटाणे लावलेत. काटा जागेवर उभा असेपर्यंत ती कोणाची नसते. माझी पण नसते.”

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. गॅसवर जाड अ‍ॅल्युमिनियमचं एक अवाढव्य भांडं होतं. प्रेशर कुकरचा थोरला भाऊच म्हणा ना. झाकण कडेनं पितळी फिरकीच्या नटांनी आवळलेलं आणि झाकणाच्या मधोमध घड्याळासारखी गोल तबकडी. काकू त्या तबकडीसमोर उभ्या होत्या. एक हात गॅसच्या बटणावर. काटा केसभर हलला की त्यांची बोटं केसभर हलत. शेवटी त्यांनी गॅस बंद केला, मोजा काढला, बाहेर आल्या आणि जणू मी आत्ताच आल्यासारख्या म्हणाल्या, “हं, आता बोल. कुठली तू? पुण्याची? अच्छा. भाजीत साखर घालणारी.”

त्या भांड्याला त्या कॅनर म्हणत. आपल्याकडे ही वस्तू सहसा कोणाच्या घरी नसते. काचेच्या बरण्यांमध्ये भाज्या, कडधान्यं, मटण भरायचं, झाकणं लावायची, बरण्या या भांड्यात थोड्या पाण्यात उभ्या करायच्या आणि वाफेच्या दाबाखाली शिजवायच्या. निवल्यावर झाकण आत ओढलं जाऊन घट्ट बसतं आणि बरणी फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने टिकते. काकू-काका दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. काकू भंडाऱ्याच्या, काका वर्ध्याचे. आयुष्य दिल्लीच्या सरकारी क्वार्टरांत गेलं, निवृत्तीनंतर हा गुरुग्रामचा फ्लॅट घेतला. तरुणपणी चाणक्यपुरीत एक परदेशी कुटुंब मायदेशी परत जाताना घरातलं सामान विकत होतं, तिथे काकांनी हे भांडं घेतलं. चौदा एप्रिलला जयंतीच्या दिवशी शंभर माणसांचा भात एका दमात होईल, अशी त्यांची कल्पना. स्कूटरवर काकू मागे आणि मांडीवर हे धूड. घरी आल्यावर काकूंनी सोबतचं माहितीपुस्तक शब्द न्‌ शब्द वाचलं आणि जाहीर केलं, “अहो, हे भाताचं नाहीये. हे फार मोठं काम आहे.”

तेव्हापासून ते काम चालू होतं. दिल्लीच्या थंडीत वाटाणा येतो तो साखरेसारखा. मंडईतून पोतं यायचं. काका गॅलरीतल्या उन्हात बसून शेंगा सोलायचे, काकू बरण्या भरायच्या. बरणी काठोकाठ भरायची नाही, वर बोटभर जागा सोडायची. आतले हवेचे बुडबुडे लाकडी काडीनं काढायचे. काठ कोरड्या फडक्यानं पुसायचा, कारण काठावर वाटाण्याचं साल जरी राहिलं तरी झाकण बसत नाही. मग झाकणाच्या नळीतून वाफेचा सरळ फवारा बराच वेळ जाऊ द्यायचा. “आतली हवा पहिले पूर्ण निघाली पाहिजे,” काकू म्हणायच्या. “हवा राहिली की काटा फसवतो. आत थंड आणि बाहेर रुबाब. असे साहेब लोक मी ऑफिसात लई पाहिले.”

मसाला मात्र बरणीत नाही. नुसतं पाणी, मीठ आणि वाटाणे. किंवा मटणाचे तुकडे आणि त्यांचं पाणी. “फोडणी ज्याची त्यानं द्यावी. मी फक्त वस्तू सांभाळून ठेवते.”

बरण्यांवर चिठ्ठ्या काका लिहायचे. ऑफिसात रजिस्टर लिहून घोटलेलं अक्षर. तारीख, आणि खाली एखादा शेरा. ‘वाटाणे. गोड निघाले.’ ‘हरभरे. जरा मोठे.’ एका मटणाच्या बरणीवर मी ‘बोकड म्हातारा असावा’ असंही वाचलंय.

हंगाम सुरू व्हायच्या आधी काकू एक अख्खा रविवार भांड्याला द्यायच्या. झाकण उजेडाकडे धरून वाफेच्या नळीतून एक डोळा मिटून बघायचं, आरपार दिसलं पाहिजे. मग तीतून जाड दोरा ओढायचा. गुरुग्रामचं पाणी खारं, त्यानं भांड्याच्या पोटात पांढरा थर धरायचा, तो व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं सोडवायचा, तारेनं घासायचं नाही. झाकणाच्या खाचेत बसणारी रबराची रिंग बोटांनी ताणून, वाकवून, कुठे भेग आहे का ते पाहायचं. जादा रिंग त्यांनी साड्यांच्या कपाटात, चांगल्या रेशमी साड्यांच्या घडीत ठेवली होती, कारण घरातली सगळ्यात थंड आणि अंधारी जागा तीच. शेवटी सगळं कोरडं करून आत वर्तमानपत्र भरायचं आणि झाकण उलटं ठेवायचं. एकदा काकांनी ते सुलटं लावून ठेवलं, तर काकू म्हणाल्या, “बंद करून ठेवलं की आत कुबट होतं. भांडं असो का माणूस.” काकांनी माझ्याकडे बघून हळूच डोळा मारला.

या रविवारानंतर काकांचं एक काम असायचं. तबकडी काढायची आणि ओखल्याला औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांचे मीटर तपासणारा एक दुकानदार होता, त्याच्याकडून तपासून आणायची. दर वर्षी, दिवाळीच्या आधी. मला ते जरा जास्तच वाटायचं. मी एकदा तसं म्हटलंही. तेव्हा काकूंनी मला समोर बसवलं.

“हे बघ, लोणचं आंबट असतं, मुरंब्यात साखर असते. तिथे चूक झाली तर बुरशी येते, दिसते, आपण टाकून देतो. वाटाणा, मटण, यांत आंबट काही नाही. यांच्यात एक जंतू राहतो, त्याचं बीज उकळत्या पाण्यानंही मरत नाही. त्याला दाबाची उष्णता लागते. ती कमी पडली तर बंद बरणीत तो निवांत विष तयार करतो. वास येईलच असं नाही, चव बदलेलच असं नाही. माणूस मात्र जाऊ शकतो. मग मला कोण सांगणार, आत पुरेशी उष्णता झाली का नाही? फक्त तो काटा. मग काट्याला कोणीतरी विचारायला नको?”

सोसायटीत त्या भांड्याला ‘बम’, म्हणजे बॉम्ब, म्हणत. खालच्या मजल्यावरच्या भाटियाबाईंनी सेक्रेटरीकडे तक्रार केली होती. सेक्रेटरी आले, काकूंनी त्यांना चहा दिला, समोर बसवलं आणि बरण्या लावण्याची पूर्ण एक फेरी दाखवली. न बोलता. जाताना त्यांच्या हातात हरभऱ्याची बरणी होती आणि तक्रार तिथेच मिटली. पुढे भाटियाबाईही दर थंडीत वाटाणे न्यायला लागल्या.

पण काकूंच्या बरण्या मुख्यतः जायच्या त्या करोल बाग, राजेंद्र नगर भागात. महाराष्ट्रातून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली मुलं-मुली तिथे काडेपेटीएवढ्या खोल्यांतून राहतात. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जेवायला गेल्या की काकू शेजारच्या टेबलावरच्या मराठी पोराला हमखास विचारायच्या, “कुठला रे तू? काय खातोस इथे?” उदगीरची रेश्मा त्यांना अशीच भेटली. खोलीत गॅस नाही, एक विजेची शेगडी. काकूंनी तिला चवळीची बरणी दिली आणि फोडणी कशी द्यायची ते तोंडी सांगितलं. मग रेश्माच्या मैत्रिणी, त्यांचे मित्र, असं ते वाढत गेलं. “पोट्टे रात्रंदिवस घोकून राहिले आणि खाऊन काय राहिले, तर मोमो,” असं म्हणत काकू मेट्रोतून पिशव्या वाहायच्या.

मग एका दिवाळीच्या सुमारास काका आजारी पडले. पोटात दुखायचं निमित्त झालं, तपासण्यांत स्वादुपिंडाचा आजार निघाला, तोही पुढे गेलेला. हॉस्पिटल, घर, पुन्हा हॉस्पिटल. मुलगी प्रज्ञा बंगळूरहून येऊन-जाऊन होती. डिसेंबर आला, मंडईत वाटाणा आला. काकूंच्या मनात त्या वर्षी काही करायचं नव्हतं. काकाच म्हणाले, “सुमन, वाटाणे आण. मला नुसतं पडून राहून कंटाळा आला.”

गॅलरीत, उन्हात, पायांवर ब्लँकेट घेऊन ते शेंगा सोलत बसलेले मला अजून दिसतात. हात फार बारीक झाले होते, पण अंगठ्याची ती एक चीर आणि टपटप पडणारे दाणे, हे चालू होतं. मध्ये थांबायचे, डोळे मिटायचे, परत सोलायचे. त्या थंडीत त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वाटाणे सोलले. चिठ्ठ्याही त्यांनीच लिहिल्या. अक्षर थोडं हललेलं, पण शेरे तेच. होळीच्या आधी ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला करोल बागेतली मुलं आली होती. काकूंनी प्रत्येकाच्या हातात एक बरणी दिली. “यांनी सोललेत,” एवढंच म्हणाल्या. उरलेल्या बरण्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ओळीनं लावून ठेवल्या. उन्हाळ्यात, पावसाळ्यात मी कधी गेले की दिसायच्या. हिरवे दाणे, वर काकांचं अक्षर. काकू त्यातली एखादीच, तीही प्रज्ञा आली तर उघडायच्या.

पुढची दिवाळी जवळ आली तेव्हा काकूंनी भांडं बाहेर काढलं. रविवारची साफसफाई झाली. तबकडी त्यांनी रुमालात गुंडाळली आणि मला म्हणाल्या, “ओखल्याला येतेस का गं? ते दुकान मी कधी पाहिलं नाही.” मी गाडी काढली.

दुकानदार काकांना ओळखत होता. काका गेल्याचं ऐकून त्यानं हळहळ व्यक्त केली. मग तबकडी आपल्या यंत्राला लावली, दाब वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला.

“मॅडम, ये तो ज़्यादा दिखा रहा है,” तो म्हणाला. “अंदर प्रेशर कम है, काँटा ज़्यादा बता रहा है.”

“कितना?”

त्यानं सांगितलं. काकूंच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ते थोडंथोडकं नव्हतं.

“कब से?” काकूंनी विचारलं.

“वो मैं कैसे बताऊँ? साहब पिछले साल लाए थे क्या?”

काकूंनी हातातल्या रुमालाची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाल्या, “नहीं. पिछले साल नहीं लाए.”

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवली, तर म्हणाल्या, “थांब जरा.” बाहेर टेम्पो, हातगाड्या, हॉर्न. काकू मांडीवरच्या रुमालाकडे बघत बसल्या होत्या.

“माझ्या लक्षात होतं, अनुजा. यांचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यात. मला वाटलं, गेल्या वर्षी बरोबर होता, या वर्षी पण असेल. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.”

“पण कोणाला काही झालं नाही ना, काकू? सगळ्यांनी खाल्लंय. आम्हीही खाल्लंय.”

“नाही झालं, ते नशीब. मी नशीब नव्हते वाटून राहिले. चल, गाडी काढ. आज पुष्कळ काम आहे.”

त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांच्या फोनवर काकूंचा संदेश आला. आयुष्यभर सरकारी मसुदे लिहिलेल्या बाईचा संदेश: ‘सर्वांस कळविण्यात येते की, गेल्या थंडीत माझ्याकडून नेलेल्या सर्व बरण्या सदोष समजाव्यात. दाबमापकाची तपासणी माझ्याकडून राहून गेली होती. चूक सर्वस्वी माझी आहे. बरणी उघडू नये. वास घेऊन, चव घेऊन पाहू नये. कचऱ्यात टाकू नये. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. सुमन मेश्राम.’ खाली तेच हिंदीत.

भाटियाबाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर लगेच लिहिलं, ‘मैं तो पहले दिन से कह रही थी.’ त्यावर काकूंनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे पिशवी घेऊन. भाटियाबाईंनी दोन बरण्या आणून दिल्या आणि जरा ओशाळून म्हणाल्या, “बहनजी, आप न बतातीं तो किसको पता चलता?”

“मुझे पता था ना,” काकू म्हणाल्या.

करोल बाग, राजेंद्र नगरला आम्ही मेट्रोनं गेलो. अरुंद जिने, खोल्यांबाहेर चपलांचे ढीग. पुष्कळांनी बरण्या कधीच संपवल्या होत्या. काकू प्रत्येकाला विचारायच्या, कधी खाल्ली, नंतर डोळ्यांना दुहेरी दिसलं होतं का, गिळायला त्रास झाला होता का. मुलं हसायची. काकू हसायच्या नाहीत. उत्तर मिळेपर्यंत उभ्या राहायच्या.

रेश्माकडे एक बरणी शिल्लक होती. परीक्षा पास झाली की पुलाव करायचा म्हणून तिनं पुस्तकांच्या मागे जपून ठेवली होती. ती देईना.

“मावशी, आम्ही इथली मेस खातो. आम्हाला काही होत नाही.”

“दे.”

“काकांनी सोललेत ना हे. तुम्हीच म्हणाल्या होत्या.”

“म्हणून तर दे,” काकू म्हणाल्या. “त्यांच्या हातून कोणाला काही झालेलं मला चालणार नाही.”

रेश्मानं बरणी दिली. काकूंनी ती बाकीच्यांबरोबर पिशवीत टाकली नाही, हातातच धरून जिना उतरल्या.

सगळं गोळा झालं. मग राहिली काकूंची स्वतःची फळी.

त्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांनी खुर्चीवर चढून सगळ्या बरण्या खाली उतरवल्या होत्या आणि ओट्यावर मांडल्या होत्या. प्रज्ञाचा फोन चालू होता, स्पीकरवर. ती रडत होती.

“आई, सगळ्या टाक, पण एक ठेव. एकच. खाणार नाही कोणी. नुसती ठेवू.”

मलाही तेच वाटत होतं. मी म्हटलं, “काकू, खरंच. शोकेसमध्ये ठेवू. कुलूप लावू हवं तर.”

काकूंनी एक बरणी हातात घेतली. चिठ्ठीवर काकांचं अक्षर होतं. ‘वाटाणे. ऊन छान होतं.’ त्यांनी ती वाचली, नव्यानं वाचल्यासारखी. मग फोनकडे तोंड करून सावकाश बोलल्या.

“प्रज्ञा, ऐक. मी आज आहे, मला माहीत आहे की ही खायची नाही. उद्या मी नसेन. तू म्हातारी होशील. एखाद्या दिवशी तुला बाबांची खूप आठवण येईल आणि तू म्हणशील, एक दाणा खाऊन बघू. मला तुझ्या घरात तसली वस्तू ठेवायची नाहीये.”

पलीकडून फोन बंद झाला.

काकूंनी हातमोजे चढवले, खिडक्या उघडल्या. बंद बरण्या तशाच कचऱ्यात टाकल्या आणि कचरा वेचणाऱ्या कोणी उघडून खाल्ल्या तर, ही त्यांची धास्ती. म्हणून त्याच कॅनरमध्ये, यावेळी झाकण न आवळता, भरपूर पाण्यात बरण्या आडव्या घालून त्यांनी सगळं खळखळा उकळलं, तेही जरुरीपेक्षा जास्त वेळ. बीज उकळून मरत नाही, पण तयार झालेलं विष उकळण्यानं मोडतं, म्हणाल्या. त्या उकळत्या पाण्यात चिठ्ठ्या सुटून वर आल्या. शाई पसरली, अक्षरं गेली. काकू चिमट्यानं एकेक चिठ्ठी बाजूला काढत होत्या. माळीबाबांना सांगून सोसायटीच्या मागे खोल खड्डा करून घेतला होता, नंतर त्यात सगळं रिकामं केलं, वर चुना, वर माती. सगळं झाल्यावर घरी येऊन हात धुतले, परत धुतले, आणि मग ओट्याला टेकून त्या रडल्या. काका गेले तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ गेले, तर म्हणाल्या, “आज गेले बघ ते.”

मला वाटलं, आता हे भांडं माळ्यावर जाईल. तसं झालं नाही. काकूंनी भाच्याकरवी परदेशातून एक भरीव वजन मागवलं, कुकरच्या शिट्टीसारखं झाकणाच्या नळीवर बसणारं. ठरावीक दाबाला ते डुलायला लागतं. नवी तबकडीही बसवली. “काटा खोटं बोलू शकतो, वजन नाही,” म्हणाल्या. “तरी दोघांनाही विचारायचं.” तेव्हापासून वाफ चालू असताना त्या नुसत्या बघत नसत, मान तिरकी करून ऐकतही असत.

त्या थंडीत वाटाणे सोलायला आम्ही सगळे बसलो. भाटियाबाईही आल्या. रेश्मा परीक्षेत अडकली होती तरी एका रविवारी आली, पोतंभर शेंगा संपवून गेली. बरणी देताना काकू आता एक गोष्ट करायच्या. नव्या माणसाला आधी समोर बसवून सांगायच्या, “माझ्याकडून एकदा चूक झालेली आहे. अशी अशी झाली. ऐकून घे आणि मग पाहिजे तर ने.” इतकं सांगायची काय गरज, असं मी म्हणायचे. पण ते ऐकून बरणी परत करणारं कोणी मी पाहिलं नाही.

प्रज्ञा मात्र बरेच दिवस आईशी तुटक बोलायची. काकूंनी तिला समजवायचा प्रयत्न केला नाही. “तिचा राग तिच्या जागी बरोबर आहे,” म्हणायच्या. “झाकण जबरदस्तीनं उघडायला गेलं की वाफ अंगावर येते. थंड होऊ द्यायचं.” पुढच्या उन्हाळ्यात प्रज्ञा आपणहून आली आणि पंधरा दिवस राहून गेली.

काही वर्षांनी काकूंचे गुडघे फार दुखायला लागले. नागपूरला धाकट्या बहिणीच्या शेजारचा फ्लॅट रिकामा झाला, तेव्हा त्यांनी गुरुग्राम सोडलं. सामान ट्रकनं गेलं, कॅनर मात्र त्यांच्याबरोबर रेल्वेत, बर्थखाली. स्टेशनवर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “दिल्लीनं मला खूप दिलं. पण इथे माणसं घाईत फार. तू होऊ नकोस.” नंतर फोन असायचे. नागपूरचा वाटाणा दिल्लीसारखा नाही, ही तक्रार दर थंडीत ठरलेली.

गेल्या वर्षी त्या गेल्या. दुपारच्या झोपेत, शांतपणे. मला जायला जमलं नाही.

महिन्याभरानं प्रज्ञाचा नागपूरहून फोन आला. आईचं घर आवरत होती.

“अनुजाताई, स्वयंपाकघरात बरण्या आहेत. वाटाणे, हरभरे. या थंडीतल्या दिसतात. मावशी म्हणते, टाकून दे, उगाच धोका नको. मला काही सुचत नाहीये. तू सांग.”

मी म्हटलं, “झाकण मधोमध आत दबलेलं आहे? बोटानं दाबून बघ, खालीवर होतंय?”

“नाही. घट्ट आहे.”

“वर काय लिहिलंय?”

तिनं वाचलं. अक्षर काकूंचं. तारीख, आणि खाली, ‘वजन व काटा दोन्ही तपासले.’

“मग खा, प्रज्ञा,” मी म्हटलं.

ती “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत फोन. पाठीमागे भांड्यांचे, माणसांचे आवाज. झाकण उघडताना फट्‌ असा आवाज आला, म्हणाली, आई म्हणायची तसा. कांदा, लसूण, तिखट घालून उसळ केली, नीट उकळली. घरात सगळे जेवायला बसले होते. आधी कोणी हात लावेना, मग तिनंच पहिला घास घेतला.

“आणि मावशी?” मी विचारलं.

“मावशीनं दोनदा वाढून घेतली,” प्रज्ञा म्हणाली.